डॉ. अलेक्झांडर रिच आणि उलट्या पिळाचे कोडे

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. माणसाचा मूळ स्वभाव काही केल्या पालटत नाही असे सांगावयाचे असले, म्हणजे वडीलधारी मंडळी तिचा आधार घेतात. परंतु सृष्टीत एक सुंभ असा आहे की, जो न जळताही आपला पीळ पालटतो; उजव्याचा डावा करतो, आणि प्रसंग सरला की पुन्हा उजव्यावर येतो. हा सुंभ दूर कोठे नाही. तो आमच्या प्रत्येक वाचकाच्या देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, आणि त्याचे नाव डीएनए असे आहे. त्याच्या ह्या उलट्या पिळाचे स्पष्ट चित्र ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम उमटले, आणि ‘हा पीळ कशासाठी?’ ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी पुढे पस्तीस वर्षे सोडला नाही, त्या डॉ. अलेक्झांडर रिच ह्या अमेरिकन जीवभौतिकशास्त्रज्ञांचा परिचय आज आम्ही वाचकांस करून देणार आहोत.

हाच विषय आम्ही का निवडला, तेही सांगतो. घरातील मुलगा किंवा मुलगी पदवी मिळवून ‘मी पुढे संशोधन करणार’ असे म्हणू लागली, की घरातल्या चार मंडळींकडून पहिला प्रश्न येतो तो हा की, ‘त्याचा उपयोग काय?’ प्रश्न विचारणारी मंडळी मुलांची वैरी नसतात. संसाराचा अनुभवच त्यांच्या तोंडून बोलत असतो. परंतु हा प्रश्न विचारताना उत्तरासाठी किती काळ थांबावयाचे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. रिच ह्यांच्या चरित्राची किंमत आम्हांस वाटते ती ह्यासाठी. त्यांना हा प्रश्न घरच्यांनी नव्हे, तर त्यांच्याच व्यवसायबंधूंनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या हाती दीर्घकाळ नव्हते.

प्रथम पिळाची गोष्ट समजून घेऊ. वाचकांनी उजव्या हाताची मूठ वळून अंगठा वर करावा. बोटे ज्या दिशेने वळलेली दिसतात, त्या दिशेने फिरत फिरत जो जिना वर चढतो, तो उजव्या पिळाचा. डाव्या हाताच्या मुठीप्रमाणे चढणारा तो डाव्या पिळाचा. गंमत अशी की, जिना उलटा टांगला तरी त्याचा पीळ बदलत नाही. तो बदललेला दिसतो फक्त आरशात. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्क्रूचे आटे उजव्या पिळाचे असतात. तथापि सायकलीच्या डाव्या पायडलाचे आटे मात्र उलटे पाडलेले असतात. अडाण्यास ती कारखानदाराची चूक वाटेल. परंतु ते आटे तसे नसते, तर पाय मारता मारताच ते पायडल सैल होऊन निघाले असते. उलट्या आट्यांना कारण असते. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

डीएनए म्हणजे आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या वारशाची लिखित पोथी. तिची रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक ह्यांनी केंब्रिज येथे १९५३ साली मांडली. एकमेकांभोवती वळलेले दोन पदर. आणि त्यांच्या मध्ये जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे घटकांच्या जोड्या. हे घटक चारच प्रकारचे: अॅडेनिनची जोडी थायमिनशी, ग्वानिनची सायटोसिनशी. पीळ उजवा, आणि एका वेढ्यात सुमारे दहा जोड्या. ह्या मांडणीस लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स ह्यांच्याकडील क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. परंतु ती छायाचित्रे डीएनएच्या धाग्यांची होती. धाग्यात असंख्य रेणू शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि छायाचित्रात त्या सर्वांची मिळून एक सरासरी उमटते. एकेक अणू आपापल्या जागी स्पष्ट दिसावा, असा पुरावा त्यांतून मिळत नव्हता. रचना सुंदर होती, पटण्याजोगी होती. पण ती अजून डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ही उणीव पुढे सव्वीस वर्षे राहिली.

अलेक्झांडर रिच ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९२४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी, साध्या कष्टकरी घरात झाला. बालपण मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे गेले. शाळेत शिकत असतानाच त्यांनी तेथील सरकारी शस्त्रागारात रायफली बनविण्याचे पूर्ण वेळ काम केले. १९४३ ते १९४६ ही वर्षे आरमारात गेली. नंतर हार्वर्ड विद्यापीठातून १९४७ साली पदवी आणि १९४९ साली वैद्यकीची पदवी त्यांनी मिळविली. गरिबीतून वर आलेला मुलगा डॉक्टर झाला, म्हणजे आता दवाखाना थाटावा, घरच्यांस सुख द्यावे, असे कोणासही वाटेल. परंतु रिच ह्यांनी त्याच वर्षी कॅलिफोर्नियाची वाट धरली आणि ते लायनस पॉलिंग ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली रेणूंची रचना अभ्यासू लागले. पदार्थाचे गुण त्याच्या घडणीत असतात, ही पॉलिंग ह्यांची शिकवण त्यांनी जन्मभर जवळ बाळगली.

१९५४ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एका विभागाचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी केंब्रिज येथे क्रिक ह्यांच्या सहकार्याने त्यांनी कातडी, अस्थी आणि स्नायुबंध ह्यांस बळकटी देणाऱ्या कोलाजेन नामक प्रथिनाच्या तिपदरी पिळाची रचना मांडली. येथे आम्हां भारतीयांचा संबंध येतो. कोलाजेन तिपदरी आहे, ही कल्पना मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था ह्यांनी १९५४ सालीच प्रसिद्ध केली होती. पदरांना जोडणारे बंध किती आणि कसे, ह्याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद झाला. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हा त्या वादातला कळीचा प्रश्न होता. आणि त्याचाच कसून विचार करता करता रामचंद्रन ह्यांच्या हातून प्रथिनांच्या रचनेचा तो प्रसिद्ध आलेख निर्माण झाला, जो आजही जगभर त्यांच्या नावाने वापरला जातो. विद्वानांचा वाद उभयपक्षी कसा फलदायी ठरतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण विरळा.

१९५६ साली रिच आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डेव्हिस ह्यांनी एक अगदी साधा भासणारा प्रयोग केला. आरएनए हे डीएनएचे भावंड. त्याचे एकेरी पदर असलेली दोन द्रावणे त्यांनी घेतली. एकातील पदर केवळ अॅडेनिनचे, तर दुसऱ्यातील केवळ युरॅसिलचे. द्रावणे एकत्र केली, तो दोन्ही पदर आपण होऊन एकमेकांस शोधून काढून दुपदरी पीळ घालून बसले! इतके लांब पदर कोणत्याही मध्यस्थावाचून आपला जोडीदार हुडकतील, हे त्या काळी अनेकांस खरे वाटले नाही. १९६० साली डीएनएचा एक पदर आणि आरएनएचा एक पदर ह्यांचीही अशी जोडी जमते, हे रिच ह्यांनी दाखविले. आज आनुवंशिक रोगांच्या कित्येक तपासण्या ह्याच तत्त्वावर चालतात. २०२० सालच्या महामारीत नाकातील स्राव घेऊन विषाणूचा शोध घेतला जात असे, त्याच्या मुळाशीही ‘ओळखीचा पदर आपला जोडीदार शोधून काढतो’ हीच गोष्ट होती. १९५६ साली त्या परीक्षानळीकडे पाहून कोणी उपयोग विचारला असता, तर हे उत्तर कोणास देता आले असते?

१९५८ साली रिच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेत प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावन्न वर्षे, तेथेच राहिले. १९६३ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, पेशीत प्रथिने घडविणारी रायबोसोम नामक यंत्रे एकेकटी काम करीत नाहीत. एकाच आरएनएच्या पदरावर ती ओळीने बसतात. १९७३ साली त्यांच्या मंडळींनी दोन दोन घटकांच्या इवल्याशा तुकड्यांचे स्फटिक तपासून वॉटसन-क्रिक ह्यांनी सांगितलेली दुपदरी जोडणी प्रथमच अणू-अणूच्या स्पष्टतेने पाहिली. त्याच सुमारास प्रथिनांच्या घडणीत दुभाष्याचे काम करणाऱ्या आरएनएची त्रिमितीय रचनाही त्यांच्या प्रयोगशाळेत उलगडली. एवढ्यावरच कोणी थांबला असता, तरी त्याचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले असते.

आता मुख्य प्रसंग. दोन घटकांच्या तुकड्यात पिळाचा पूर्ण वेढा दिसत नाही. म्हणून हॉलंडमधील लायडन येथे कृत्रिम रीतीने घडविलेला सहा जोड्यांचा डीएनए-तुकडा रिच आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू वांग ह्यांनी घेतला. त्यात सायटोसिन आणि ग्वानिन ही आलटून पालटून ओवलेली होती. स्फटिक असा उत्तम बनला की, ०.९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील स्पष्ट झाला. आणि अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग! सर्वांची अपेक्षा अशी की, आता १९५३ च्या उजव्या पिळावर शेवटचे शिक्कामोर्तब होणार. परंतु चित्र उभे राहिले ते डाव्या पिळाचे. पदर दोनच, जोड्याही त्याच. पण वेढा उलटा, एका वेढ्यात बारा जोड्या, आणि पदरांची रेघ सरळ वळण न घेता नागमोडी गेलेली. ह्या नागमोडीवरून त्यास ‘झेड-डीएनए’ हे नाव पडले. १९७९ च्या डिसेंबरात ही वार्ता प्रसिद्ध झाली.

हे सर्वस्वी आकाशातून पडले होते असे मात्र नव्हे. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे पोल आणि योविन ह्यांनी १९७२ सालीच नमूद केले होते की, अशाच ओवणीचा डीएनए खारट द्रावणात ठेवला असता त्याचे प्रकाशाशी वागणे उलटे होते. त्याचा अर्थ मात्र लागला नव्हता. आणि आमच्याकडे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. शशिशेखरन आणि त्यांचे सहकारी डीएनएस डावा पीळ संभवतो, असे गणिताच्या आधारे १९७६ पासून सांगत होते. उजवे आणि डावे वेढे आलटून पालटून येतात, अशी जी त्यांची प्रतिकृती होती ती पुढे टिकली नाही. तथापि डाव्या पिळास रेणूच्या रचनेत मज्जाव नाही, हे त्यांचे म्हणणे सृष्टीने मान्य केले. उजव्या पिळाचा संपूर्ण वेढा स्फटिकात दाखविण्याचे श्रेय १९८० साली डिकरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांस मिळाले. म्हणजे नेहमीच्या पिळाआधी अपवादाचेच दर्शन जगास घडले!

येथपर्यंत कौतुक झाले. आणि मग तो प्रश्न पुढे आला. हा उलटा पीळ जिवंत पेशीत असतो काय? असल्यास कशासाठी? पुष्कळ विद्वानांचे म्हणणे असे की, स्फटिक म्हणजे पेशी नव्हे. एवढे मीठही पेशीत नसते. तेव्हा ही केवळ प्रयोगशाळेतील नवलाई होय. १९८१ साली झेड-डीएनएस ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली, आणि त्यांच्या साहाय्याने फळमाशीच्या गुणसूत्रांवर तो पीळ दिसल्याचे जाहीर झाले. परंतु थोड्याच काळात असे आढळले की, गुणसूत्रे तपासणीसाठी तयार करताना जे आम्ल वापरतात, त्यानेच हा परिणाम घडू शकतो. शंका बळावली. हळूहळू बहुतेक मंडळी अन्य विषयांकडे वळली. रिच वळले नाहीत.

ह्यास हट्ट म्हणावे काय? आमच्या मते नाही. हट्टी मनुष्य तेच तेच बोलत राहतो. रिच ह्यांनी प्रश्न विचारण्याची रीत बदलली. दोरीचे दोन पदर मधून उकलीत एका बाजूस गेले, तर पुढचा भाग अधिक आवळतो आणि मागचा सैल पडतो, हे सुतळी उकलणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. पेशीत डीएनएवरील मजकूर वाचणारे यंत्र जेव्हा पुढे सरकते, तेव्हा त्याच्या मागे पीळ असाच सैल पडतो, आणि त्या सैल जागी मिठावाचूनही उलटा पीळ पडू शकतो. म्हणजे हा पीळ कायमचा नसून क्षणिक आहे. येतो आणि जातो. जी वस्तू स्वतः टिकत नाही, तिला ओळखणारे कोणी पेशीत आहे काय, हे शोधावे असे त्यांनी ठरविले. कुलूप हाती लागत नसेल, तर किल्ली शोधावी, असा हा विचार.

ही किल्ली सापडावयास १९९५ साल उजाडले. त्यांचे सहकारी अॅलन हर्बर्ट ह्यांना कोंबडीच्या पेशींत एक प्रथिन मिळाले. ते झेड-डीएनएस नेमके धरीत होते. ते प्रथिन म्हणजे एडार-१, आरएनएच्या मजकुरात दुरुस्ती करणारा एक पाचक. १९९९ साली ह्या प्रथिनाचा एक भाग डाव्या पिळास बिलगून बसलेला आहे, असे चित्र स्फटिकातून मिळाले. २००३ साली देवीच्या लशीतील विषाणूचा प्रयोग झाला. त्या विषाणूच्या एका प्रथिनास असाच भाग आहे. तो बिघडविला असता उंदरांस मारण्याची विषाणूची शक्ती ओसरली. २००५ साली उजवा आणि डावा पीळ जेथे भेटतात, त्या सांध्याचे चित्र मिळाले: तेथे एक जोडी फुटते, तिचे दोन्ही घटक बाहेर वळतात, आणि बाकीची रचना अखंड राहते. सुंभ न तुटता पीळ कसा पालटतो, ह्याचे उत्तर ते हेच. त्या वेळी रिच ऐंशी वर्षांचे होते.

२७ एप्रिल २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रिच ह्यांचे निधन झाले. त्यांस १९९५ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले होते. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. आणि कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग त्यांच्या पश्चात बाहेर आला. तो असा. आपल्या पेशीत दुपदरी आरएनए बनतो, विषाणूंचाही बनतो. पेशीचे पहारेकरी दुपदरी आरएनए दिसताच त्यास शत्रू समजतात. लग्नकार्यात भांड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून आपण घरच्या भांड्यांवर नाव कोरून ठेवतो. एडार-१ हे प्रथिन तसेच घरच्या आरएनएवर खूण करून ठेवते. हे प्रथिन बिघडल्यास पेशी आपल्याच घरावर तुटून पडते. काही अर्भकांच्या मेंदूस ग्रासणाऱ्या एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाचे एक कारण ह्या प्रथिनातील दोष हे आहे, असे २०१२ साली आढळले. आणि काही रुग्णांत तो दोष नेमका डावा पीळ धरणाऱ्या भागातच असतो. ह्याच्या उलट बाजूस झेडबीपी-१ नावाचा पहारेकरी आहे. इन्फ्लुएन्झाने ग्रासलेल्या पेशीत विषाणूचा डाव्या पिळाचा आरएनए दिसला, की तो त्या पेशीचा अंत घडवून आणतो, म्हणजे रोग पसरत नाही; हे २०२० साली दाखविले गेले. देवीच्या लशीतील विषाणूचे ते प्रथिन ह्याच पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पडदा टाकीत होते. २०२२ साली अनेक प्रयोगशाळांनी हेही सिद्ध केले की, एडार-१ चा तो भाग ह्या पहारेकऱ्यास घरच्यांवर चालून जाण्यापासून आवरतो. कर्करोगाच्या पेशींवर हा पहारेकरी मुद्दाम सोडता येईल काय, ह्याचा शोध आता चालू आहे.

तेव्हा उलटे आटे ही चूक नव्हती. सायकलीच्या डाव्या पायडलाप्रमाणेच त्यांस कारण होते; फक्त ते कळावयास १९७९ पासून चाळीस वर्षे लागली. रचना कळणे ही एक गोष्ट, आणि तिचे कार्य कळणे ही दुसरी. पहिलीसाठी उत्तम स्फटिक आणि तीक्ष्ण दृष्टी पुरते; दुसरीसाठी लोक निघून गेल्यावरही त्याच जागी बसून राहण्याची, आणि बसल्या जागी रोज नव्याने विचार करण्याची तयारी लागते. डीएनएचे इतर अनेक प्रश्न, आणि खुद्द ह्या पिळाचीही आणखी काही कामे, अद्याप उलगडावयाची आहेत; ती उलगडणारी मुले कदाचित आज आपल्याच घरात पुस्तके उघडून बसली असतील.

त्यांना उपयोग जरूर विचारावा. तो वडिलांचा अधिकारच आहे. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर आजच्या आज मागू नये. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात रायफली घडविणाऱ्या मुलाने दवाखाना थाटला असता, तर त्या गावच्या काही शेकडा रोग्यांस गुण आला असता, आणि तेही थोडे नव्हते. परंतु त्याने जी वाट धरली, तिच्या शेवटी कोणत्या आजारी अर्भकाच्या आईस आपल्या मुलाच्या दुखण्याचे कारण कळणार आहे, हे त्या दिवशी त्याच्या घरात कोणासही सांगता आले नसते; खुद्द त्यालाही नाही.